दोन गुणांचे पाणी

गेल्या सहामाही परीक्षेनंतरची गोष्ट. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून कुणी त्यांवर डस्टर, कुणी जेवणाचा डबा, कुणी पाण्याची बाटली ठेवली होती. माझा विषय मराठी. शेजारच्या टेबलापाशी शास्त्राचे सर तपासत बसले होते. मध्येच ते मोठ्याने हसले आणि एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “बाई, ही तुमच्या गठ्ठ्यात जायला हवी होती. निबंध लिहिलाय पठ्ठ्याने!”

प्रश्न होता : ‘पाणी म्हणजे काय? (गुण २)’. मुलगा आठवीतला, भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत राहणारा. त्याने लिहिले होते :

“पाणी पहाटे चार वाजता येते. नळ सोडला की आधी नुसती हवा येते. मग थोडे तांबूस पाणी येते, ते आई मोरी धुवायला ठेवते. नंतरचे पाणी दुधासारखे पांढरे असते. ते मी काचेच्या बरणीत भरून पाहिले आहे. ते खालून वर स्वच्छ होत जाते. पाच वाजता पाणी जाते.”

याखाली लाल शाईने शून्य काढलेले होते, आणि समासात बरोबर उत्तर दिलेले होते : एच-टू-ओ.

मी विचारले, “सर, हे पांढरे पाणी खालून वर का हो निवळते?”

“त्यात काय? नळात दाबाखाली पाण्यात हवा मिसळलेली असते. बाहेर आल्यावर ती सुटते. बारीक बुडबुडे वर चढतात, म्हणून तळ आधी निवळतो.”

“म्हणजे पोराने पाहिले ते बरोबर पाहिले?”

“पाहिले बरोबर. पण विचारले ते लिहिले नाही.”

“विचारले होते, पाणी म्हणजे काय!”

सरांनी पेनाला टोपण लावले आणि मोठ्या सौजन्याने मला सांगितले, “बाई, तुमचा विषय भाषा. सूत्राच्या वाटेला तुम्ही कशाला जाता?”

सर सज्जन आहेत, आणि मी हे लिहिणार आहे हे मी त्यांना सांगून ठेवले आहे. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. पुढचे जे काही आले ते शिकवता शिकवता आणि कादंबऱ्या लिहिता लिहिता आले. तेव्हा सूत्रांच्या गावात मी पाहुणीच. पण भाषेच्या बाईने शास्त्राच्या शेतात शिरावे, असा हा प्रकार मुळीच नाही. ‘एच-टू-ओ’च केव्हाचे आपले शेत सोडून माझ्या शेतात शिरलेले आहे. ते आता भाषेत राहते, आणि भाषेत राहून नीट वागत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

आपल्या उपनगरांतच पाहा. कॉलेजात जाणारा माझा भाचा मुलुंडला घरी येतो आणि पाय पसरून म्हणतो, “मावशी, जरा गार एच-टू-ओ मिळेल का?” अंधेरीला एका लग्नात पाण्याच्या पिंपांवर ‘एच-टू-ओ’ अशी सोनेरी पाटी पाहिली. पाटी नसती तर वऱ्हाडी तहानलेले राहिले असते की काय, कोण जाणे! बोरिवलीच्या एका स्नेह्यांकडे तर तीन वर्षांच्या नातीला पाहुण्यांसमोर उभे करतात आणि विचारतात, “सांग बेटा, शास्त्रात पाण्याला काय म्हणतात?” ते लेकरू बोबड्या बोलांत ‘एत-तू-ओ’ म्हणते. सगळे टाळ्या वाजवतात. आजोबांच्या डोळ्यांत कौतुकाचे एच-टू-ओ येते.

ते शेवटचे वाक्य वाचून आपल्याला हसू आले असेल. पण का आले? सूत्र खोटे आहे म्हणून नव्हे. अश्रूंतही मुख्यतः पाणीच असते. हसू आले, कारण मराठीत ‘पाणी’ हा शब्द जिथे जिथे जातो तिथे तिथे हे सूत्र जाऊ शकत नाही. “तो मला एच-टू-ओत पाहतो” असे म्हणून बघा. “त्याच्या तोंडचे एच-टू-ओ पळाले”, “कुठेतरी एच-टू-ओ मुरते आहे”, “गडी बारा गावचे एच-टू-ओ प्यालेला आहे”. लोहार कोयत्याला पाणी देतो, जवाहिऱ्या मोत्याचे पाणी पाहतो, मल्ल प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखतो, आई मुलांसाठी रक्ताचे पाणी करते, आणि वतनावरचा हक्क सोडणारा त्यावर पाणी सोडतो. संध्याकाळी गुरांना पाणी दाखवायचे असते. परमुलखात गेलेल्या माणसाला तिथले पाणी लागते. पाणवठा, पाणपोई, पाणकळा, पाणलोट, पाणउतारा ही सगळी याच एका घरची माणसे. आणि पिण्याच्या पाण्याला तरी आपल्या बायकांनी किती नावे ठेवली! गोडे, खारे, मचूळ, गढूळ, निवळ, जड, हलके, कोमट, कढत, शिळे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते जड, हे माझ्या आजीला ठाऊक होते. त्यात चुन्याचे क्षार जास्त विरघळलेले असतात आणि डाळीचे साल मऊ होऊ देत नाहीत, हे तिला कुणी सांगितले नव्हते. पण डाळ शिजली नाही की ती पाणी बदलत असे.

यावर कुणी म्हणेल, “बाई, भाच्याने गंमत केली, लेकराने बोबडे बोल काढले, त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?” गमतीचे मलाही वावडे नाही. पण त्या स्नेह्यांचा प्रश्न पुन्हा वाचा : ‘शास्त्रात पाण्याला काय म्हणतात?’ वाचकहो, शास्त्रात पाण्याला पाणीच म्हणतात. प्रयोगशाळेत काम करणारा मोठ्यात मोठा रसायनशास्त्रज्ञही शिपायाला ‘एच-टू-ओ आण’ म्हणत नाही. ‘एच-टू-ओ’ हे पाण्याचे नावच नव्हे. ते एक वाक्य आहे. इतके आखूड की वाक्य म्हणून ओळखू येत नाही, पण आहे ते पुरते वाक्यच : पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू एकमेकांना बांधलेले असतात.

नाव आणि वाक्य यांत मोठा फरक आहे, आणि तो भाषेच्या बाईनेच सांगावयास हवा. नाव खरे किंवा खोटे नसते. ते ठेवलेले असते, झाले. वाक्य मात्र खरे किंवा खोटे असते. त्याला पुरावा मागता येतो. ते कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलेले असते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी त्यावर कडाडून भांडलेले असते. आपण मुलांना हे वाक्य नाव म्हणून घोकायला लावतो. त्यामुळे त्यांच्या हाती ना शास्त्र लागते, ना भाषा. हाती लागतो एक परवलीचा शब्द. तो उच्चारला की दरवाजा उघडतो आणि दोन गुण मिळतात.

आणि हे वाक्य काय सहजासहजी मिळाले? हजारो वर्षे जगातले शहाणे लोक पाण्याला मूलतत्त्व समजत होते. आपल्या पंचमहाभूतांत आप होते, ग्रीकांच्या चार तत्त्वांतही पाणी होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने एक ज्वालाग्राही वायू जाळून पाहिला, तर भांड्याला आतून पाण्याचे थेंब आले! आगीतून पाणी! १७८३ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिएने निर्वाळा दिला की पाणी हे मूलतत्त्व नाही, ते दोन द्रव्यांचे संयुग आहे. त्या ज्वालाग्राही वायूला पुढे १७८७ साली जे नाव मिळाले त्याचा ग्रीकमधला अर्थ ‘पाणी घडवणारा’ असा आहे. तोच हायड्रोजन. आपल्याकडे कुणी भाषांतर करून त्याला ‘उद्जन’ म्हटले, त्यातही उदक आहेच. म्हणजे सूत्रातल्या त्या ‘एच’च्या पोटात पाणी आधीच बसलेले आहे! पाणी हायड्रोजनमुळे ओळखले गेले नाही, हायड्रोजनचीच ओळख पाण्यावरून पटली. हे घोकणाऱ्या शंभर मुलांतल्या किती जणांना ठाऊक असते? ‘ऑक्सिजन’चा अर्थ तर ‘आम्ल घडवणारा’, आणि तो चुकलेला आहे. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो असे लाव्हाझिएला वाटले होते, ते पुढे खोटे ठरले. नाव मात्र तसेच राहिले. आपला ‘प्राणवायू’ निदान श्वासाशी तरी प्रामाणिक आहे.

१८०० साली निकोल्सन आणि कार्लाइल या दोघांनी पाण्यातून वीज सोडून त्याची फोड केली. डाल्टनने अणूंचा सिद्धान्त मांडला, पण १८०८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात पाणी कसे आहे? एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. म्हणजे ‘एच-ओ’! त्याचा हिशेब सरळ होता : दोन द्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर एकास एक धरावे. इकडे गे-ल्यूसॅकला मापात दोन भाग हायड्रोजनला एक भाग ऑक्सिजन लागतो असे दिसले होते, आणि १८११ साली इटलीतल्या अवोगाद्रोने त्याचा उलगडाही केला होता. त्याचे कुणी ऐकले नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे जाणती माणसे आपापल्या मगदुराप्रमाणे कुणी ‘एच-ओ’, कुणी ‘एच-टू-ओ’ लिहीत राहिली. शेवटी १८६० साली जर्मनीत कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, कानिझारो नावाच्या इटालियन प्राध्यापकाने अवोगाद्रोची बाजू मांडली, आणि त्यानंतर हळूहळू ‘एच-टू-ओ’ कायम झाले. १८५० साली एखाद्या वर्गात ‘एच-टू-ओ’ लिहिणाऱ्या मुलाला त्याच्या सरांनी बहुधा शून्यच दिले असते!

गंमत पाहा. त्याच १८६० साली, आपल्या या साष्टीच्या डोंगरांत बांधलेल्या विहार तलावाचे पाणी नळांतून मुंबई शहराला मिळू लागले. मुंबईचा नळ आणि पाण्याचे सूत्र हे दोघे अशा रीतीने एका वयाचे. आपण मुलांना त्यातला एक भाऊ पाठ करून घेतो. दुसरा रोज पहाटे दारात येतो, त्याची ओळखही करून देत नाही.

परवलीचा शब्द म्हणून सूत्र वापरले की काय होते, याची एक गोष्ट अमेरिकेतली आहे. १९९७ साली आयडाहो राज्यातल्या एका चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या शाळेतल्या ५० मुलांना एक पत्रक वाचायला दिले. ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ नावाचे एक रसायन आहे, ते फुप्फुसांत गेले तर माणूस मरतो, त्याच्या वाफेने भाजते, त्याने लोखंड गंजते, आम्लवर्षेत ते असते. यावर बंदी घालावी काय? ५० पैकी ४३ जणांनी सांगितले, घालावी. ते रसायन म्हणजे पाणी आहे हे एकट्यानेच ओळखले. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या एका शहराच्या नगरपालिकेने तर याच रसायनाच्या भीतीने फोमच्या कपांवरच्या बंदीचा विषय सभेपुढे घेण्याची तयारी केली होती. पाणी आहे हे कळल्यावर तो मागे घेतला. पत्रकातले एकही वाक्य खोटे नव्हते, हे लक्षात घ्या. सूत्र ज्यांना नाव म्हणून पाठ होते, त्यांना तेच सूत्र थोडे लांब करून सांगितल्यावर ओळखू आले नाही. ज्याला वाक्य कळलेले असते तो असा फसत नाही. त्याला दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन कुठल्याही वेषात ओळखू येतात.

आता माझ्या दुसऱ्या बाजूला जी मंडळी येऊन उभी राहिली आहेत, त्यांच्याकडे वळते. “बाई, छान बोललात! आमच्या पूर्वजांनी पाण्याला ‘जीवन’ म्हटले, ‘तीर्थ’ म्हटले. या पाश्चात्त्यांच्या कोरड्या सूत्रात आहे काय?” क्षमा करा, तुमच्या पंगतीला मी बसणार नाही. सूत्र कोरडे आहे हेच त्याचे मोठे पुण्य आहे. ते कुणाच्या बाजूचे नाही. आपल्या शब्दांना ओल आहे हे खरे, पण त्या ओलीत काय काय कुजले हेही सांगितले पाहिजे. ‘त्याच्या हातचे पाणी चालत नाही’ हेही मराठीच वाक्य आहे. विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा प्यायचे, ही रीत ज्या समाजाने चालवली त्याच्या तोंडी ‘जीवन’ हाच शब्द होता. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठरावाने कुणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी काय केले? मंत्र म्हणत पंचगव्य घालून तळे ‘शुद्ध’ करून घेतले! पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात तळ्याचा हक्क सिद्ध झाला.

तळ्यातल्या पाण्याचा रेणू त्या दिवशी काठावरच्या गुराने प्यायला तेव्हा जसा होता, तसाच माणसाने प्यायला तेव्हाही होता. स्पर्शाने त्यातला एक अणू इकडचा तिकडे झाला नाही. हे वाक्य मराठी भाषेला आपणहून सांगता आले नाही, ते सूत्राने सांगितले. म्हणून सर जेव्हा म्हणतात की सूत्र जगभर सारखे, ते पुण्याला आणि पॅरिसला बदलत नाही, तेव्हा मी मान डोलावते. मला सूत्र हवे आहे. ते मुलांना नीट कळलेले हवे आहे, इतकेच.

आणि त्याच्या मर्यादेसकट कळलेले हवे आहे. निव्वळ ‘एच-टू-ओ’ आपल्या नळाला कधीच येत नाही. त्याच्या अगदी जवळचे पाणी म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी, आणि ते चवीला बेचव. नळाच्या पाण्यात क्षार असतात, विरघळलेली हवा असते, जंतू मारायला घातलेला क्लोरीन असतो. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत असे. पाणी शुद्ध करण्याच्या मोठमोठ्या केंद्रांतही गाळ खाली बसवायला तुरटीच्याच जातीची द्रव्ये वापरतात. ही हवा, हे क्षार, ही तुरटी सूत्रात नाहीत. त्या मुलाच्या बरणीत मात्र यातले निदान एक होते, आणि त्याने ते पाहिले होते.

सूत्रात आणखीही काही नाही. मुंबईला रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी लागते, ते येते सात तलावांतून : तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि ऊर्ध्व वैतरणा. यांतले तुळशी आणि विहार तेवढे आपल्या बोरिवलीच्या जंगलात, आणि त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकीचे दूर, ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांत. तानसाचे भले थोरले नळ १८९२ सालापासून मुलुंड-भांडुप-घाटकोपरच्या अंगाने शहराकडे जातात. या नळांच्या आसऱ्याने उपनगरांत वस्त्या वाढल्या. हाताच्या अंतरावरून कोट्यवधी लिटर पाणी गडगडत जाई आणि त्यांच्या बायका हंडे घेऊन लांबच्या नळावर रांगेत उभ्या राहत. ज्या शहापूर तालुक्याच्या मातीत तानसा आणि भातसा अडवले, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले की वस्ती अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पाणी साफ नाकारता येणार नाही. पाणी हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्या भाषेने पाणी आणि जगणे या दोहोंना ‘जीवन’ हा एकच शब्द फार पूर्वी दिला होता. तोच अर्थ न्यायालयाच्या कागदावरही आला!

तेव्हा ‘पाणी म्हणजे काय’ या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. एक, ते कशाचे बनले आहे. दुसरे, ते आपल्याशी कसे वागते आणि आपण त्याच्याशी व एकमेकांशी कसे वागतो. पहिले सूत्रात आहे. दुसरे भाषेत आहे, नळावर आहे, त्या पोराच्या पाच-सहा ओळींत आहे. आम्ही पहिल्याला पुरते गुण देतो आणि दुसऱ्याला शून्य. बरे, पहिले तरी मुलांना कळले आहे काय? ज्यांना पुरते दोन गुण मिळाले होते अशा पाच मुलांना मी विचारले, “एच-टू-ओ हे तुम्हांला कशावरून कळले?” पाचही जणांचे उत्तर एकच : “पुस्तकात आहे.” पुस्तकात आहे म्हणून खरे, हे उत्तर शास्त्राच्या तासाला चालावे? हेच तर ते तळे शुद्ध करणारेही म्हणत होते!

मी सरांना हे जाऊन सांगितले. सर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “उद्या तासानंतर थांबा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पसरट काचेचे भांडे, दोन परीक्षानळ्या, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी आणल्या. शिसपेन्सिली माझ्याकडच्या, दोन्ही टोकांना तासलेल्या. पाण्यात विरघळवायला मी मीठ पुढे केले, तशी सर घाईने म्हणाले, “मीठ नको बाई, क्लोरीन सुटेल. खाण्याचा सोडा घ्या.” खिडक्या उघडल्या. भांडुपचा तो मुलगाही होता, आणि ते पाचही होते. पाण्याने भरलेल्या नळ्या भांड्यात पालथ्या धरल्या, त्यांच्या तोंडांशी पेन्सिलींची टोके आणली, वायरी जोडल्या. दोन्ही टोकांवर बारीक बुडबुडे धरू लागले. पाच जण जरा वेळाने कंटाळून बाकांवर जाऊन बसले. हा मुलगा भांड्यापासून हलला नाही. रोज पहाटे बुडबुडे पाहायची ज्याला सवय, तो कसा हलेल?

पाऊण तासाने त्याने कागदाची पट्टी लावून दोन्ही नळ्यांतली पोकळी मोजली. “सर, बॅटरीच्या वजा बाजूला जास्त हवा आहे. दुपटीहून थोडी जास्तच.”

“नेमकी दुप्पट का नाही?” मी विचारले. सर म्हणाले, “थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळतो, थोडा पेन्सिलीच्या शिशाला खातो.” मग त्या मुलाकडे वळून म्हणाले, “ती हवा नव्हे रे. तो हायड्रोजन. दोन भाग तो, एक भाग हा.” मुलाने विचारले, “म्हणून टू?” सर म्हणाले, “म्हणून टू.” बाकांवरचे पाच जण तोवर उठून पुन्हा भांड्याभोवती आले होते. पाठ केलेले सूत्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्याचे शून्य मात्र अजून शून्यच आहे. नमुना उत्तर ठरलेले असते, त्याबाहेर गुण देता येत नाहीत, असे सर म्हणतात, आणि त्यांचेही हात बांधलेले आहेत हे मला दिसते. म्हणून माझे मागणे नमुना उत्तर ठरवणाऱ्यांकडे आहे, आणि ते मोठे नाही. ‘पाणी म्हणजे काय?’ हा प्रश्न दोन गुणांना विचारू नका. तो फार मोठा आहे, तो विचारायचा तर अर्धे पान मोकळे सोडा आणि नळावरून आलेल्या उत्तरालाही गुण ठेवा. सूत्रच हवे असेल तर नेमके विचारा : ‘पाणी कशाचे बनलेले आहे, आणि हे कशावरून?’ त्यातल्या ‘कशावरून’ला निम्मे गुण द्या. घोकणाऱ्याला एक मिळेल, पाहणाऱ्याला दोन.

आणि हा अंक हाती घेतलेल्या आईबापांकडेही एक मागणे आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुम्ही मुलांना उठवाल. पूर्वी बंब पेटत, आता गीझर लागतात. उटण्याचा वास तोच आहे. पाहुणे आले म्हणजे लेकराला ‘शास्त्रात पाण्याला काय म्हणतात’ असे विचारून टाळ्या वाजवू नका. त्यापेक्षा त्या पहाटे नळाखाली काचेचे भांडे धरा, आणि पाणी पांढरे आले तर ते कुठून निवळते ते लेकराला पाहू द्या. आमच्या टेकडीवरच्या त्या घरी पाणी चारला येते आणि पाचला जाते. तिथली अभ्यंगस्नाने त्याआधी पाणी भरून झाल्यावरच व्हायची आहेत.